महाधमनीचा बांध आणि रक्तातला गढूळपणा

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी 34 वर्षांचा एक तरुण वडिलांना घेऊन गोव्यात आमच्या फोंड्यातल्या लॅबच्या काउंटरवर आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट. दोन ठिकाणी कुणीतरी पेनाने रेघ मारली होती. एका रेघेवर 'बायकस्पिड एऑर्टिक व्हॉल्व्ह', दुसऱ्या रेघेवर 'असेंडिंग एऑर्टा 43 मिमी'. कंपनीच्या मेडिकल तपासणीत डॉक्टरांना छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर येणारा जास्तीचा आवाज, ऐकू आली, म्हणून इको केला आणि हे निघालं. त्याला स्वतःला काहीच होत नव्हतं. रविवारी फुटबॉल खेळतो, आठवड्यातून चार दिवस जिमला जातो.

"ताई, दर वर्षी इको करायला सांगितलंय," तो म्हणाला. "त्यापेक्षा रक्तात नाही का कळत? डायबिटीसचं कळतं, थायरॉइडचं कळतं."

वडिलांनी मागून पुस्ती जोडली, "रगतांत सगळें कळटा न्हय गो?"

मी 19 वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. 'सगळं' कळत नाही हे मला पक्कं ठाऊक, पण का कळत नाही ते मागे रांग असताना सांगणं जमलं नाही. त्या दिवशी "अजून नाही" एवढंच म्हणाले. ते राहिलेलं उत्तर इथे लिहिते.

बोरी, दुर्भाट, मडकईकडे ज्यांनी खाजनाचा, म्हणजे नदीकाठच्या सखल शेताचा, बांध पाहिलाय त्यांना हृदयाची झडप वेगळी समजावायला नको. बांधात पाण्याच्या येण्याजाण्यासाठी जी वाट ठेवतात ती मानस; त्या मानशीला लाकडी दारं असतात. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून नदीत उतरतं, भरती आली की नदीचं पाणीच दार लोटून बंद करतं. खारं पाणी शेतात शिरत नाही आणि त्यासाठी दारावर माणूस उभा करावा लागत नाही. हृदयाचा डावा कप्पा आणि महाधमनी, म्हणजे डॉक्टर जिला एऑर्टा म्हणतात ती शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, यांच्यामध्ये असंच एक एकतर्फी दार आहे. ते दिवसाला साधारण 1 लाख वेळा उघडतं आणि मिटतं.

या दाराला तीन पाकळ्या असतात. काही जणांत आईच्या पोटातच त्यातल्या दोन एकमेकींना चिकटतात आणि दाराच्या दोनच पाकळ्या उरतात. हीच बायकस्पिड झडप. हृदयाच्या जन्मजात दोषांतला हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष, 100 माणसांत एक-दोघांना असतो, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. पुष्कळांना चाळिशी-पन्नाशीपर्यंत त्याचा पत्ताही नसतो. जत्रेतल्या नाटकात रात्रभर उभे राहतात, शेतात राबतात आणि एक दिवस कुणीतरी छातीला स्टेथोस्कोप लावतो. वयाबरोबर ही झडप कडक होऊ शकते किंवा गळू लागते. तो भाग बहुतेकांना कळतो, कारण दार बिघडलं तर दार बदलायचं. डोक्यात शिरत नाही तो पुढचा भाग: दारात दोष आहे, मग काळजी दारापलीकडच्या भिंतीची का करायची?

पुन्हा मानशीकडे जाऊ. दार वाकडं बसलं असेल तर पाणी सरळ जात नाही. एका अंगाने झोत मारतं आणि तो झोत रोज बांधाच्या त्याच जागेवर आदळतो. दोन पाकळ्यांची झडप उघडते ती माशाच्या तोंडासारखी, आडव्या फटीने. तिच्यातून निघालेला रक्ताचा झोत तिरका जाऊन महाधमनीच्या भिंतीला एका बाजूला घासतो. एमआरआयचा एक प्रकार आहे, ज्यात वाहतं रक्त दिशेसकट दिसतं. त्यात हा तिरका झोत स्पष्ट दिसतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भिंतीचे तुकडे तपासले तेव्हा झोत जिथे जास्त घासत होता तिथले लवचीक तंतू जास्त तुटलेले आढळले.

पण दोष सगळा झोतावर ढकलता येत नाही. काहींची झडप बदलून झोत सरळ केला तरी भिंत पुढेही फुगत राहते. म्हणजे बांधाची मातीच मुळात हलकी होती. पाकळ्या आणि त्यांच्या लगतची भिंत गर्भात जवळपास एकाच वेळी, बऱ्याच अंशी त्याच पेशींपासून घडतात. घडवणाऱ्या जीनमध्ये चूक झाली तर दोन्हीकडे खोट राहू शकते. 2005 मध्ये नॉच-1 नावाच्या जीनमधला बिघाड काही कुटुंबांत या झडपेशी जोडला गेला. बहुतेक रुग्णांत मात्र असं एकच बोट दाखवता येईल असं जीन सापडत नाही. झोत की माती हा वाद डॉक्टरांत वर्षानुवर्षं चाललाय. दोन्ही खरं आहे आणि प्रमाण माणसागणिक वेगळं आहे, असं मानायला मला हरकत वाटत नाही.

भिंतीत नेमकं बिघडतं काय? महाधमनीच्या भिंतीला तीन थर असतात. सगळा भार असतो मधल्या थरावर. त्यात इलास्टिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनाचे पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये गुळगुळीत स्नायूंच्या पेशी, अशी रचना एकावर एक रचलेली असते. हृदय आकुंचन पावलं की भिंत ताणते, सैल झालं की मूळ पदावर येते. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, हे इलास्टिन शरीर मुख्यतः लहानपणीच बनवतं. मोठेपणी तुटलं तर तसं नवं जवळजवळ मिळत नाही. पूर्वजांनी बांधलेल्या बांधासारखंच, डागडुजी करून आयुष्यभर पुरवायचं. स्नायूपेशी मरू लागल्या आणि पापुद्रे तुटू लागले की भिंत पसरते. कधी आतला थर चिरतो, रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसतं आणि भिंत उभी फाटत जाते. महाधमनी चिरणं म्हणतात ते हेच. त्यात तासातासाला जिवाचा धोका वाढतो.

या तरुणाची महाधमनी हृदयातून वर चढते तिथे (रिपोर्टमधला 'असेंडिंग एऑर्टा') 43 मिमी रुंद, म्हणजे 4.3 सेंमी. बहुतेक प्रौढांत ती 4 सेंमीच्या आत असते, उंची आणि वयाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. अशी झडप असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांत ती कमीजास्त रुंदावलेली सापडते. आज डॉक्टरांच्या हातात मुख्य माप आहे ते रुंदीचंच. 5.5 सेंमी झाली की ऑपरेशन. घरात कुणाची महाधमनी चिरली असेल किंवा रुंदी भराभर वाढत असेल तर 5 सेंमीलाच. झडपेसाठी छाती उघडायचीच असेल तर 4.5 सेंमीलाही भिंतीचं काम उरकून घेतात. यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. फुगा जितका मोठा, तितका त्याच्या भिंतीवर ताण जास्त, आणि भिंत पातळ झाली की आणखी जास्त.

पण रुंदी म्हणजे ताकद नव्हे. वरून रुंद, धडधाकट दिसणारा बांध आतून कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पोखरलेला असू शकतो आणि एखादा अरुंद बांध चार पिढ्या टिकतो. महाधमनी चिरलेल्या रुग्णांची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्या आधारे 2007 साली निघालेल्या अभ्यासात, हृदयालगतचा भाग चिरलेल्यांपैकी जवळपास 60 टक्के लोकांची रुंदी 5.5 सेंमीपेक्षा कमी होती. चिरल्यावर धमनी फुगते, म्हणजे चिरण्याआधी ती आणखी कमी असणार. हे वाचून घाबरू नका. त्याची दुसरी बाजू अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीच्या, 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. बायकस्पिड झडप असलेल्या 416 जणांवर सरासरी 16 वर्षं लक्ष ठेवलं, त्यात महाधमनी चिरली ती 2 जणांची. इतरांच्या तुलनेत धोका सुमारे 8 पट, पण मुळात तो इतका लहान की 8 पट होऊनही लहानच राहतो. अडचण आहे ती ते दोघे आधी ओळखण्याची. 416 जणांना कापून ते सापडवता येत नाहीत.

रक्तातल्या खुणेचा, म्हणजे बायोमार्करचा, विचार इथे सुरू होतो. बांध आतून ढासळत असेल तर त्याची माती पाण्यात उतरणार. मग बांध खणण्यापेक्षा पाणी पाहिलं तर? कल्पना मला मनापासून पटते. हार्ट अटॅकमध्ये आपण हेच करतो. हृदयाचा स्नायू मरू लागला की त्यातलं ट्रोपोनिन रक्तात येतं, ते आम्ही मोजतो आणि डॉक्टर धावतात. पण ट्रोपोनिनचा हा प्रकार हृदयाच्या स्नायूतच असतो, म्हणून बोट सरळ तिथे जातं. महाधमनीकडे अशी एकटीच्या मालकीची वस्तू फारशी नाही. शेतात पाणी गढूळ दिसलं तर बांध ढासळतोय की कुणी नांगर घातलाय की रात्री पाऊस पडून गेलाय?

शास्त्रज्ञांनी या गढूळपणातून काय काय गाळून पाहिलं, त्यातलं ठळक सांगते.

पहिलं नाव मेटॅलोप्रोटीनेज, लघुरूपात एमएमपी. ही शरीराचीच कात्री आहे, जुने तंतू कापून नव्यांना जागा करणारी. तिला आवर घालणारी प्रथिनंही शरीरात असतात. बायकस्पिड झडपेच्या रुग्णांच्या फुगलेल्या भिंतीत ही कात्री, विशेषतः एमएमपी-2, जास्त चाललेली आढळली. मग रक्तातही वाढलेली दिसेल, असं वाटणं साहजिक. काही अभ्यासांत दिसली, काहींत नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण लेख लिहिणारे ती सहसा गाळतात. आमच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांच्या नळ्या असतात. लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू देतात आणि वर येणारं सीरम वापरतात. जांभळ्या आणि निळ्या झाकणाच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून रसायन असतं, त्यातून प्लाझ्मा मिळतो. एमएमपी-9 पांढऱ्या पेशींच्या पोटात साठवलेलं असतं. नळीत रक्त गोठताना त्या पेशी ते बाहेर सोडतात. म्हणजे त्याच माणसाचं, त्याच मिनिटाला काढलेलं रक्त लाल झाकणात एक आकडा देतं आणि निळ्या झाकणात दुसरा. दोष रुग्णाच्या भिंतीत नाही, माझ्या नळीत आहे! टीजीएफ-बीटा नावाच्या दुसऱ्या गाजलेल्या खुणेचं तेच. महाधमनी फुगवणाऱ्या मार्फान सिंड्रोम या जन्मजात आजाराच्या संशोधनातून ती पुढे आली. तिचा मोठा साठा प्लेटलेटमध्ये असतो आणि नमुना जरा हयगयीने हाताळला की तो सांडतो. एका देशात एका नळीत मोजलेलं आणि दुसरीकडे दुसऱ्या नळीत मोजलेलं जुळत नाही, यात नवल नाही.

मायक्रोआरएनए ही सध्याची लाडकी खूण. जीनमधून प्रथिन किती बनावं याला आवर घालणाऱ्या, जेमतेम 22 अक्षरांच्या चिठ्ठ्या. त्यांच्या शोधासाठी 2024 चं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मिळालं. महाधमनीच्या स्नायूपेशी काही ठरावीक चिठ्ठ्या जास्त बनवतात, 143 आणि 145 क्रमांकाच्या. पेशी बिघडल्या की त्यांचं प्रमाण बदलतं. ही खूण थोडी तरी मालकाचं नाव सांगते, म्हणून मला तिच्याकडून आशा आहे. पण बारीक सुईने घाईत रक्त ओढलं की लाल पेशी फुटतात, सीरम गुलाबी दिसतं आणि त्या पेशींच्या स्वतःच्या चिठ्ठ्या नमुन्यात मिसळतात. गुलाबी सीरम आम्ही पोटॅशियमसाठीसुद्धा नाकारतो, मग इथे काय बोलायचं.

डेस्मोसिनची कल्पना तर थेट बांधाच्या मातीचीच आहे. इलास्टिनचे धागे एकमेकांना ज्या गाठींनी बांधलेले असतात त्या गाठी म्हणजे डेस्मोसिन. इलास्टिन तुटल्याशिवाय त्या रक्तात येत नाहीत. पण इलास्टिन फुप्फुसातही भरपूर असतं. विडी ओढून दमा लागलेल्या माणसाच्या रक्तातही त्याच गाठी सापडतात. याशिवाय जळजळीशी संबंधित सीआरपी, एसआरएजीई नावाचा एक रिसेप्टरचा तुकडा अशा खुणा येऊन-जाऊन चर्चेत असतात. त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही.

या सगळ्यांना एक समाईक अडचण आहे. ज्याची झडप दोन पाकळ्यांची, त्याची झडप स्वतःही हळूहळू कडक होत असते. तिथेही कात्री चालते, तिथेही जळजळ असते. मग रक्तात सापडलेला गाळ दाराचा की बांधाचा? शिवाय बऱ्याच अभ्यासांत रक्त घेतलं ते ऑपरेशनला आलेल्यांचं, म्हणजे बांध आधीच फुगलेल्यांचं. आपल्याला हवाय तो आजचा 4.3 सेंमीचा माणूस पाच वर्षांनी कुठे असेल याचा अंदाज. त्यासाठी शेकडो तरुणांचं रक्त आज घेऊन गोठवायचं, दर वर्षी स्कॅन करायचा आणि वाट पाहायची. हे काम वेळखाऊ आहे. आणि खुणेने रुंदीपेक्षा काही जास्तीचं सांगितलं तरच तिचा उपयोग. '5 सेंमी झालीय' हे इकोने सांगितलेलंच रक्ताने पुन्हा सांगितलं तर पैसे कशाला घालवायचे?

झडपेच्या बाबतीत मात्र रक्ताची एक तपासणी खरोखर कामाला लागली आहे. बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी. झडप अरुंद होऊन हृदयाच्या स्नायूवर ताण आला की हा आकडा वाढतो. झडप फार अरुंद आहे पण रुग्णाला त्रास नाही, अशा वेळी बीएनपी अपेक्षेच्या तिप्पट असेल तर झडप बदलण्याचा विचार करावा, असं मार्गदर्शक सूचनांत आहे. तो हृदयाच्या स्नायूबद्दल बोलतो, महाधमनीच्या भिंतीबद्दल नाही. एवढा फरक ध्यानात ठेवला की पुरे.

आणि डी-डायमर. कोविडमुळे हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला. रक्ताची गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे पडतात ते म्हणजे डी-डायमर. महाधमनी चिरली की भिंतीत रक्त गोठतं आणि डी-डायमर चढतो. ज्याच्यात चिरण्याची शक्यता मुळात कमी वाटते अशा रुग्णात तो मिलिलिटरमागे 500 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर महाधमनी चिरलेली नसावी, असं डॉक्टर बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकतात. उलट मात्र चालत नाही. तो न्यूमोनियात वाढतो, गरोदरपणात वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो, नुसत्या वयानेही वाढतो. शांत बसलेल्या, हळूहळू रुंदावणाऱ्या महाधमनीबद्दल तो काही भाकीत करत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी 'बघून ठेवू' म्हणत तो करण्यात अर्थ नाही. छातीत किंवा पाठीत अचानक, चिरत गेल्यासारखी कळ आली तर लॅबमध्ये येऊच नका. 108 ला फोन करा, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जा आणि झडपेचा दोष आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. सीटी स्कॅनमध्ये जे कळतं त्यासाठी माझ्या निळ्या नळीची वाट पाहायची नसते.

मग रक्ताची खूण कधी येणार? माझा अंदाज असा की आली तरी एकटी येणार नाही. चार-पाच खुणा, झोताचा एमआरआय आणि जीनची माहिती मिळून येईल. आणि तिचं पहिलं काम ऑपरेशन ठरवणं नसेल, कुणाला दर वर्षी बोलवायचं आणि कुणाला तीन वर्षांनी आलं तरी चालेल हे ठरवणं असेल. सत्तरी तालुक्यातून बांबोळीपर्यंत पूर्ण दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या माणसासाठी तेवढंही पुष्कळ. तोवर कुणी 'महाधमनी प्रोफाइल' नावाचं पॅकेज विकायला काढलं तर पैसे खिशातच ठेवा. हे मी लॅबच्या काउंटरमागे उभी राहून सांगते आहे.

त्या तरुणाला दोन दिवसांनी मी फोन केला. त्याने साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी नमुना दिला होता, तो रिपोर्ट तयार होता. नमुना दिला त्या दिवशी त्याचं ब्लडप्रेशर 148/94 होतं, तेही सांगायचं होतं. भिंतीवर ताण येतो तो रुंदीने आणि दाबाने. रुंदी त्याच्या हातात नाही, दाब आहे. पावसाळ्यात आपल्याकडे पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, सुकं मासळं आणि मिठातले चेपणीचे आंबे ताटात असतातच, मीठ किती जातं ते मोजत कोण बसतं? जिममध्ये श्वास रोखून जड वजन उचलताना दाब क्षणभर भलताच चढतो, म्हणून तेवढं सोडायला त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. धावणं, फुटबॉल ठेवलं. आणखी एक गोष्ट मी त्याच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायला लावली. पोट बिघडलं की फार्मसीतून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन घेण्याची आपल्याला सवय. या जातीच्या अँटिबायोटिकमुळे महाधमनी फुगलेल्यांना धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर 2018 मध्ये दिला आहे. दुसरा पर्याय असेल तर तो घ्यावा आणि तो डॉक्टरांनी ठरवावा.

फोन ठेवताना घरच्यांचा विषय निघाला. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात अशी झडप सापडण्याची शक्यता 10 मध्ये 1 च्या आसपास असते. एकदा इको करून घेतला की कळतं. सुई नाही, किरण नाहीत, अर्ध्या तासाचं काम. धाकट्या बहिणीने लगेच करून घेतला, तिच्या तीनही पाकळ्या ठीक आहेत. वडील अजून गेलेले नाहीत. गणपतीची चवथ झाली की जातो म्हणाले होते. चवथ होऊन गेली, आता भातकापणी झाली की जाणार आहेत.